मोठ्यानं बोलायची वाट

दुसऱ्या मजल्याच्या जरा अलीकडेच ग्रंथालयाची लिफ्ट थांबली आणि आतला दिवा गेला.

"लाइन गेली," अंधारातून कुणीतरी म्हणालं. "भेव लागून राह्यलं काय?"

"मले? छट्!" दीपिका म्हणाली खरी, पण हात मात्र लोखंडी दांडीला घट्ट.

"मंग दांडी काऊन पकडली?"

"तुले अंधारात दिसते काय?"

"आम्ही भामरागडकडचे. अंधार आमच्या ओळखीचा हाये... तुमची लिफ्टच नवीन."

जनरेटर घुरघुरला, दिवा लागला. समोर कुरळ्या केसांचा, छातीशी दोन जाडजूड पुस्तकं धरलेला मुलगा उभा होता. लालसू. दीपिका हसली आणि तिलाच नवल वाटलं. त्या दिवसात ती पहिल्यांदाच कुणाशी बोलत होती.

ब्रह्मपुरीहून ती गडचिरोलीच्या विद्यापीठात एमए करायला आली होती. खोलीतली रंजीता लग्न करून गेली, तेव्हापासून समोरची खाट रिकामी. त्या खाटेकडे पाहावं लागू नये म्हणून ती सकाळीच ग्रंथालय गाठायची. इमारत नवीकोरी. वाचनकक्षाला एका बाजूनं काचेची भिंत, काचेपलीकडे सागाचं रान. दर टेबलावर वेगळा दिवा, कोपऱ्यात थंड पाण्याचं मशीन. आणि भिंतीवर मोठी पाटी – शांतता राखा. तिच्यासारख्या एकटीला ती पाटी बरीच सोयीची होती.

लिफ्टच्या त्या दिवसानंतर लालसू तिच्या समोरच्या खुर्चीवर बसू लागला. तिचा दिवा एकदा बिघडला, तर त्यानं काही न बोलता आपल्या दिव्याची मान तिच्या पुस्तकाकडे वळवली... आणि स्वतः काचेच्या उजेडाकडे सरकून वाचू लागला. नजर उचलली की नजर भेटायची. पण बोलणं? पाटी होती ना!

मग पानगळीत मागच्या रानात वाघ दिसला. ग्रंथालय दिवस मावळायच्या आत बंद होऊ लागलं. चौकीदार अंजनाबाई सगळ्यांना गोळा करून, हातातली काठी आपटत होस्टेलपर्यंत न्यायच्या. वाघाला माणसांची चाहूल आधीच लागावी म्हणून वाटेनं मोठ्यानं बोलत जायचं, हा त्यांचा नियम.

"बोला गा, बोला वो! आता काऊन तोंडं शिवली?"

आत बोलायची बंदी, बाहेर कुजबुजायची! दोघं शेजारीशेजारी चालायचे आणि मेसच्या वरणाबद्दल ओरडायचे.

"आज वरणात डाळ होती काय?"

"एक दाणा दिसला होता! विक्कीनं खाल्ला!"

सगळे हसायचे, मागून गाणं म्हणत येणारा विक्कीसुद्धा. खरं बोलायचं ते तसंच राहायचं.

आणि आज शेवटचा दिवस होता. लालसूला गावाजवळच्या आश्रमशाळेत नोकरी लागली होती. सकाळच्या बसनं तो जाणार. तिकडे फोन लागायचा तर टेकडी चढावी लागते. दीपिकानं दुपारी मोबाइलवर दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं. असलं काही अक्षरांत धाडून द्यायचं नव्हतं तिला. त्याच्या तोंडाकडे बघत बोलायचं होतं. आज नाही बोलली तर तो जाईल, आणि समोरच्या खाटेसारखीच समोरची खुर्चीही...

वाटेवर वाळलेली पानं चुरचुरत होती.

"लालसू!" ती ओरडली. "तू गेल्यावर मले करमणार नाई!"

सगळी वरात जागीच थांबली. विक्कीचं गाणंसुद्धा थांबलं.

"थांबू नोका," अंजनाबाई पुढून म्हणाल्या, "चालत चालत बोला. वाघ काई तुमच्यासाठी थांबत नाई."

लालसू खाली पाहत काहीतरी पुटपुटला.

"ऐकू नाई आलं!" दीपिका म्हणाली. कानांच्या पाळ्या तापल्या होत्या, पण आता मागं सरायचं नव्हतं.

"मलेबी नाई करमणार!" तो ओरडला. "मले तू आवडते! लिफ्टपासून!"

"हाव रे पठ्ठ्या!" विक्कीनं शिट्टी मारली.

"आमच्या गावच्या पंडुमले, सणाले... येशील काय? आई वाट पाहीन. मी तिले सांगितलं हाये."

"मले न विचारता?"

"तुले विचारायले जागा कुठी होती?"

"येईन!" ती म्हणाली. आवाज फाटला, पण पोचला.

मुलींचं होस्टेल आधी लागायचं. फाटकाशी त्यानं तिचा हात क्षणभर धरला – तेवढ्यात अंजनाबाईंनी काठी आपटली, "चाला गा पोरं हो, अंधार होते."

मुलं पुढं निघाली. दीपिका वर खोलीत गेली, पण दिवा लावला नाही. खिडकी उघडून उभी राहिली. दूर सागाच्या झाडांमागून मुलांचा गलका येत होता, आणि त्यात लालसूचा आवाज, गरजेपेक्षा कितीतरी मोठा. काय बोलत होता, ते कळत नव्हतं. वळण आलं, आवाज बारीक झाला... आणखी बारीक.

तरी ती कान देऊन उभीच होती.