पिवळीचे दोन शत्रू

तो दुकानात शिरला तेव्हा पानाबाई जमिनीवर उताणी पडलेली होती. चक्कर वगैरे आली नव्हती. पिवळी नावाच्या मोटारसायकलच्या पोटाखाली शिरून ती तेल कुठून गळतंय ते बघत होती. त्यामुळे तिला आधी दिसले ते नुसते बूट. चकचकीत पॉलिश केलेले, आणि फरशीवरच्या तेलाला वळसा घालून फार जपून उभे राहिलेले.

“कोण हवंय?” तिने खालूनच विचारलं.

“मी... ते... इथे एक—”

“पिवळी बघायला आलात ना? थांबा हं, आलेच!”

ती सरपटत बाहेर आली. नाकावर काळा डाग, ओठांत एक नट आणि केसांत कसलासा स्क्रू. समोरचा तरुण कोटाच्या खिशात हात घालून काहीतरी बाहेर काढणार होता. तिच्याकडे बघितलं आणि त्याचा हात खिशातच राहिला.

“हो,” तो म्हणाला. “पिवळीच.”

दुकान तिच्या काकांचं. जुन्या, दुर्मिळ, शर्यतीच्या मोटारसायकली शोधून आणायच्या, नीट करायच्या आणि विकायच्या, हा काकांचा धंदा. निदान विकायच्या असं काका म्हणत. एका गाडीला तीन सायलेन्सर, तेही सगळे एकाच बाजूला. एकीचं हँडल इतकं खाली की चालवणारा साष्टांग नमस्कार घालतोय असं वाटावं. आणि पिवळी तर एकट्या जिवासाठीच बनवलेली, मागे सीटच नाही. जाहिराती पुतणी लिहायची, आणि तिचा खाक्या असा की आधी दोष, मग गुण. काका वाचून डोक्याला हात लावत. “अगं, ही जाहिरात आहे की तक्रार अर्ज?” लहानपणी ती बाहुलीऐवजी पाना उशाशी घेऊन झोपायची, तेव्हापासून काकांनी तिचं नाव पानाबाई ठेवलं होतं.

त्या दिवशी तिने त्याला पिवळी वीस मिनिटं समजावून सांगितली. तो मान डोलवत राहिला. जाताना म्हणाला, “मला जरा... विचार करावा लागेल. पुढच्या शनिवारी येऊ?”

“या की.”

तो आला. त्याच्या पुढच्या शनिवारीही आला. अकराच्या ठोक्याला बूट दारात हजर! काकांनी त्याचं नाव ‘शनिवारवाले’ पाडलं. प्रत्येक वेळी तो एक नवा प्रश्न आणायचा. कार्बोरेटर म्हणजे नेमकं काय? साखळी सैल झाली हे कसं ओळखायचं? आणि ती सांगत असताना गाडीपेक्षा तिच्या बोटांकडेच जास्त बघायचा. मधूनच दोघांची नजर एक व्हायची, मग दोघंही घाईघाईने पिवळीच्या टाकीकडे बघायचे. बिचारी टाकी पुसून पुसून आरशासारखी झाली होती.

पानाबाईच्या एक गोष्ट लक्षात आली आणि तिची झोप उडाली. पिवळी याने घेतली, तर हा यायचा बंद होणार. दुसऱ्या कुणी घेतली, तरी बंद होणार. मग तिने एक युक्ती काढली. दर शनिवारी ती पिवळीत नवा दोष शोधू लागली.

“आज डावीकडे जरा ओढतेय... अजून आठवडाभर बघावं लागेल.”

“अरे वा!” तो म्हणायचा. मग सावरून, “म्हणजे... अरेरे.”

काकांच्या जिवाला मात्र हे फार लागलं. “माझ्या पिवळीत दर आठवड्याला नवा रोग? मला नीट दिसलं असतं तर मीच बघितलं असतं. तो चष्मेवाल्या बाईंचा भाचा माझा चष्मा घेऊन कुठे उलथलाय कोण जाणे. पाच आठवडे विचारतोय, बाई म्हणतात, ‘निघालाय, निघालाय!’”

सहाव्या शनिवारी साडेदहालाच एक मिशीवाले गृहस्थ आले. कातडी हातमोजे, स्वतःचं हेल्मेट. त्यांनी पिवळीभोवती एकच फेरी मारली आणि म्हणाले, “सुरू होत असेल तर आत्ता नेतो.”

काका मिशीवाल्यांना कागदपत्रं दाखवत होते, तेवढ्यात तिने पुढच्या पिवळ्या झाकणाआड हात घालून प्लगवरची टोपी हळूच उपसून ठेवली. टोपी नाही तर ठिणगी नाही, ठिणगी नाही तर गाडी ढिम्म हलणार नाही.

काकांनी किक मारली. मग दहा मारल्या. मग वीस. कपाळावरून घाम निथळायला लागला. त्याच वेळी दारात ते बूट उगवले.

“ही... चालली?” शनिवारवाल्याचा चेहरा उतरला.

“सुरू झाली तर,” पानाबाई म्हणाली.

“मी एकदा... शेवटचं बघू?” तो पिवळीपाशी वाकला, टाकीवरून हात फिरवला, खाली कुठेतरी बोटं रेंगाळली आणि गुपचूप बाजूला झाला.

इकडे काका खांबाला टेकून धापा टाकत होते. “माझीच चूक. हात गेले माझे, डोळे गेले... बंदच करावं हे सगळं.” ते पाणी प्यायला आत गेले आणि पानाबाईला स्वतःची लाज वाटली. ज्या माणसाने आपल्याला पाना धरायला शिकवलं, त्याला आपण रडकुंडीला आणायचं? आणि कशासाठी, तर... तिने शनिवारवाल्याकडे एकदा बघितलं, मनावर दगड ठेवला आणि टोपी परत बसवली.

पुढच्याच किकला पिवळी गर्जली. काका लहान मुलासारखे नाचले. मिशीवाले फेरी मारायला निघाले, पहिलं वळण घेतलं, दुसरं घेतलं... आणि आवाज एकदम बंद.

दहा मिनिटांनी मिशीवाले गाडी ढकलत, तांबडेलाल होऊन परतले. काका गुडघ्यावर बसले, गाडी चाचपत चाचपत टाकीखाली आले आणि थांबले. “पेट्रोलचा कॉक बंद! कार्बोरेटरमध्ये होतं तेवढं पेट्रोल जाळलं आणि मान टाकली.” ते सावकाश उठले. “हे आपोआप होत नाही. कुणी केलं?”

सगळे पानाबाईकडे बघायला लागले.

“काका, शप्पथ! मी कॉकला हात नाही लावला. मी फक्त प्लगची टोपी काढली होती!”

“कुठली टोपी?” काकांनी विचारलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पानाबाईने जीभ चावली, पण आता काय उपयोग?

“कॉक...” मागून बारीक आवाज आला. “कॉक मी बंद केला. यांनीच शिकवलं होतं मागच्या शनिवारी. आणि काका...” त्याने कोटाच्या खिशातून एक डबी काढली. “हा तुमचा चष्मा. मी पहिल्या दिवशी तोच द्यायला आलो होतो. चष्मेवाल्या बाई माझी आत्या.”

“काखेत कळसा आणि गावाला वळसा!” काका ओरडले. “सहा शनिवार? ही डबी द्यायला?”

“दिली असती तर काम संपलं असतं ना...”

काकांनी चष्मा चढवला. आधी पिवळीकडे बघितलं, मग पुतणीकडे, मग त्याच्याकडे. पुतणी लाल झाली होती. तो तर कानांपर्यंत.

“एक मिनिट,” मिशीवाले म्हणाले. “म्हणजे गाडीत दोष काहीच नाही?”

“नाही,” पानाबाई मान खाली घालून म्हणाली. “तेल गळत होतं ते पहिल्याच दिवशी थांबवलं. पुढच्या शनिवारचे दोष सगळे मी रचलेले.”

“दोन धडधाकट माणसं हात धुऊन मागे लागली, तेव्हा कुठे ही बंद पडली?” मिशीवाल्यांनी हेल्मेट डोक्यात घातलं. “अहो, अशी गाडी शोधून सापडणार नाही. घेतली!”

अर्ध्या तासात पिवळी गेली. काका तिला कोपऱ्यापर्यंत पोचवायला गेले, आणि मुद्दामच लवकर परतले नाहीत.

रिकाम्या जागेच्या एका बाजूला तो उभा होता, दुसऱ्या बाजूला ती.

“अजून एक सांगायचं राहिलं,” तो म्हणाला. “मला मोटारसायकल चालवता येत नाही. सायकलसुद्धा... उतारावरच बरी जमते.”

“काय?” पानाबाईला हसू आवरेना. “मग ते कार्बोरेटरचे प्रश्न?”

“उत्तरं लांब असायची ना. मोजून पंधरा मिनिटं तुम्ही माझ्याशी बोलायचात. साखळीच्या प्रश्नाला तर पंचवीस.”

हसता हसता तिचा आवाज हळू झाला. “मला वाटायचं, गाडी विकली की तुम्ही यायचे नाही. मला ते नको होतं. म्हणून टोपी काढली. आयुष्यात पहिल्यांदा चालती गाडी बंद पाडली मी.”

“माझ्यासाठी?”

“मग काय मिशीवाल्यांसाठी?”

तो नुसता बघत राहिला, आणि या वेळी बाजूला बघायला मधे टाकी नव्हती. मग एक पाऊल पुढे आला, थेट तेलाच्या डागात, चकचकीत बुटासकट. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

“मला तुम्ही आवडता,” तो म्हणाला. “गाड्यांतलं मला आजही ओ की ठो कळत नाही. पण आता... पुढच्या शनिवारी यायला कारणच उरलं नाही हो.”

“शनिवारपर्यंत कशाला? उद्या या.”

“उद्या? उद्या रविवार. दुकान बंद असतं.”

“हो ना,” पानाबाई म्हणाली. “म्हणूनच तर या!”