किळसेची कडी

फुकटात राबणारं कुणी भेटलं की शिरगावकरसाहेबांना आनंदाच्या उकळ्या फुटत. आज त्यांना तसा एक मासा भेटला होता.

कराडच्या ‘कृष्णाई’ सोसायटीच्या लॉबीत आठ हजार लिटरची काचेची टाकी होती. वरच्या पाण्यात गप्पी मासे, मधल्या पाण्यात मोली. तळ मात्र रिकामा होता आणि त्यावर काळपट गाळ साचू लागला होता. पाणीटंचाईमुळे टाकीचं पाणी वर्षातून दोनदाच बदलायची मुभा होती. म्हणून सेक्रेटरी शिरगावकरांनी तळाला राहणारे मासे आणायचं ठरवलं, आणि ते निवडायला सुलभा भोईला बोलावलं. मत्स्यबीज केंद्रात बावीस वर्षं काढून ती आता ही टाकी सांभाळत होती. तिचा नवरा जालिंदर तळघरातल्या सांडपाणी केंद्रात कामाला होता. सोसायटीचं स्वच्छ पाणी बायकोकडे आणि घाण पाणी नवऱ्याकडे, अशी सगळे थट्टा करत.

समोर तीन टब मांडले होते: एकात शिंगटी, दुसऱ्यात मुरी, तिसऱ्यात एक राखाडी मासा.

“शिंगटी नको. मिशाळ आहे, तळालाच राहते, पण मोठी झाली की गप्पी फस्त करेल,” सुलभा म्हणाली. “मुरी घ्या, आठ-दहा एकत्र. तळाला खडी नको, बारीक वाळू टाका, नाहीतर तिच्या मिशा झिजतात. आणि रोज बुडणारं खाद्य घालायला हवं.”

“खाद्य?” शिरगावकर चमकले. “अहो, मग उपयोग काय तिचा? तळाचे मासे घाण खातात ना?”

सुलभाला हसू आलं. निम्म्या गावाची हीच समजूत. “तळाला पडलेलं अन्न खातात, साहेब. दुसऱ्याची विष्ठा कुठला मासा आवडीनं खाईल?”

“आमचा खातो,” तिसऱ्या टबापाशी उभा असलेला गानू म्हणाला. तो हे मासे विकणाऱ्या औषध कंपनीचा माणूस होता. माशाचं नाव ‘निर्मळ’.

त्यानं टबात एका बाजूला खाद्याची गोळी टाकली, दुसऱ्या बाजूला चमचाभर गाळ. त्या गाळात एक कुजलेला गप्पी होता. राखाडी, गुळगुळीत मासा गोळीवरून तसाच पुढे गेला आणि गाळावर तुटून पडला. कुजलेल्या माशाचा लिबलिबीत तुकडा त्याच्या ओठांतून लोंबत राहिला. सुलभानं पदर नाकाला लावला.

“प्रत्येक प्राण्याच्या मेंदूत किळसेची एक कडी असते,” गानू उत्साहानं सांगू लागला. “घाण समोर आली की ती लागते आणि तोंड मिटतं. आमच्या औषधानं ती कडी निघते. बास! मग घाण ही घाण राहतच नाही.”

सुलभा वाकून पाहत होती. “तोंड सडलंय याचं.”

खरंच, ओठांच्या कडेला पांढरी बुरशी होती आणि खालचं मांस उघडं पडलं होतं. मासा तेच तोंड पुन्हा पुन्हा गाळात खुपसत होता.

“पण त्याची तक्रार आहे का?” गानू म्हणाला.

शिरगावकर खूश होऊन हसले. “आपल्या खालच्या माणसांचंही तसंच झालंय बघा. यांच्याच कंपनीचा फवारा सुरू केल्यापासून एकाची तक्रार नाही.”

“कसला फवारा?” सुलभानं विचारलं, पण तिला ते ठाऊक होतं.

सहा महिन्यांपूर्वीपर्यंत जालिंदर कामावरून आल्यावर दोनदा आंघोळ करायचा, तरी घास तोंडाशी नेला की त्याला उमासे यायचे. मग ठेकेदारानं नाकात मारायचा फवारा दिला. कागदावर सही करायला जालिंदर का-कू करत होता. “जेवण तरी जाईल पोटात,” म्हणून तिनंच त्याला सही करायला लावली. परवा टाकून द्यायला ठेवलेलं, तार सुटलेलं वरण त्यानं मिटक्या मारत संपवलं, तेव्हा भूक सुधारली म्हणून तिनं हसण्यावारी नेलं होतं.

ती जिना उतरून तळघरात धावली.

जालिंदर मैल्याच्या टाकीच्या कठड्यावर बसून भाकरी खात होता. हात कोपरापर्यंत काळे. उजव्या पंज्याला खोल चीर पडली होती, त्यातून पिवळा पू येत होता आणि तो भाकरीला लागत होता.

“ये गं,” तो मायेनं म्हणाला आणि त्याच हातानं घास पुढे केला.

तिला ओकारी आली. वीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच तिला नवऱ्याची किळस आली, आणि त्या किळसेची भयंकर लाज वाटली. तिनं घास फेकून दिला.

“अहो, हात बघा तुमचा!”

“दुखतो थोडा. पण वाईट असं काही वाटत नाही.”

मनगट धरून तिनं त्याला ओढतच वर आणलं. शिरगावकर रुमाल नाकाला लावून चार पावलं मागे सरकले. त्यांची कडी शाबूत होती.

“ह्यांना आत्ता दवाखान्यात नेते,” सुलभा गानूला म्हणाली. “पण आधी सांगा. फवारा बंद केला की किळस परत येते ना?”

गानूनं माशाकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे. “तशी मागणी... अजून कुणाकडून आली नव्हती, ताई.”

जालिंदर तेवढ्यात तिसऱ्या टबापाशी वाकला होता.

“बरा दिसतोय की मासा,” तो कौतुकानं म्हणाला. “काय खातो हा?”