उपचार चालू

“ओ बाई, आधी ह्याला बघा. नाव-गाव मागनं लिवा.”

बाहेर भुरभुर पाऊस. दारात तो — खांद्यावर भिजलेला टॉवेल, हातात कांद्याचं क्रेट, आणि क्रेटमध्ये मागचा पाय ओढत अंग चोरून बसलेलं खोकड, कोल्ह्याची लहान जात.

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या वन्यप्राणी उपचार केंद्रात येणाऱ्या प्रत्येक जनावराची माहिती मी संगणकात भरते. डॉक्टरांनी क्रेट आत नेलं आणि मी विचारलं, “कुठं सापडलं?”

“केमला, आमच्या विहिरीत. मृदंग घिऊन कीर्तनाला निघालो हुतो, तर हे वरडलं.”

“अय्यो! मग कीर्तन?”

“बुवा नुसत्या टाळावर हुबं ऱ्हायलं आसतील. देव काय रागवायचा न्हाय. बुवांचं सांगता येत न्हाय.”

मला हसू आवरेना. “नाव?”

“ह्याचं?”

“तुमचं हो!”

“अभिमन्यू.” मग संगणकाच्या पडद्याकडे बघत, “तुमचं न्हाय लिवायचं त्यात?”

“काव्या,” मी म्हणाले... कुठल्या रकान्यात भरायचं नव्हतं, तरी.

माणसाची सवय लागू नये म्हणून आजारी प्राणी आम्ही कुणाला दाखवत नाही. त्यामुळे अभिमन्यू दर शनिवारी रेल्वेनं यायचा तो माझ्या पडद्यासमोर. हाड जुळतंय, वजन वाढतंय — मी वाचायची आणि तो निरूपण ऐकावं तसा मान हलवायचा. बोटं टेबलावर ठेका धरायची. एकदा ती माझ्या बोटांपाशी आली... आणि ठेका तुटला.

“मृदंगवाल्यांचा ताल चुकला की!”

“समोर बघितलं की चुकतोय.”

सहाव्या आठवड्यात खोकड बरं झालं. जिथं सापडलं तिथंच सोडायचं, असा नियम. मंगळवारी डॉक्टर स्वतः केमला, त्या विहिरीजवळच्या ओढ्याकाठी सोडून आले. म्हणाले, “ज्यानं आणलं त्याला कळव, आणि नोंद बंद कर.”

मी नोंद उघडली. ‘मुक्त केले’ असं निवडायचं होतं, एवढंच. पण खोकड सुटलं, मग हा शनिवारी कशाला येईल? एकच शनिवार दे, सिद्धरामा... मी मनात म्हटलं. ‘उपचार चालू’ तसंच राहू दिलं.

शनिवारी तो आला. मी पडद्याकडे बघत वाचलं, “अजून लंगडतंय.” खरं बोलायची संधी देवानं समोर आणून बसवली होती, आणि मी तिच्याशी गोड हसत बसले.

सोमवारी त्याचा फोन आला. “बांध सारखा करायला जेसीबी आलाय. खोकड यायला येळ हाय न्हवं?”

“महिना तरी लागेल,” मी पटकन म्हणाले. माझ्या डोक्यात फक्त चार शनिवार होते.

संध्याकाळी परत फोन. आवाजात उत्साह. “झालं बगा काम! बांधात त्याचं बीळ हुतं, ते बुजलं. आलं की नवं उकरंल, त्याला काय!”

“अभिमन्यू... ते सोडलंय. गेल्या मंगळवारीच.”

त्याचा आवाज एकदम खाली आला — “म्हंजी... आत आसंल?”

फोन बंद झाला.

दोन शनिवार कुणी आलं नाही. तिसऱ्या आठवड्यात केंद्राच्या फोनवर त्याचा आवाज. “केमवरनं बोलतोय. खोकड जित्तं हाय. आज वढ्याला दिसलं. लिवून घ्या.”

माझे डोळे भरून आले. “बरं झालं हो...”

“दोन दिस फावड्यानं उकरत हुतो मी.”

“मी चुकले. ते सुटलं की तुम्ही यायचे नाहीत, म्हणून...”

“ते सुटलं की आईला घिऊन तुमच्या घरी येणार हुतो. मागणी घालायला. तिनं लुगडंबी काढून ठेवलं हुतं.”

“मग... अजून...?”

“तुमच्या शब्दावर मी त्याच्या घरावर माती लोटली, काव्या.”

नोंदीतला शेवटचा प्रश्न पडद्यावर होता. विचारणं भाग होतं. “यापुढची माहिती... कळवायची का तुम्हाला?”

पलीकडे ओढ्याचं पाणी वाजत होतं. मी ते ऐकत राहिले.

“नको,” तो म्हणाला.

मी ‘नाही’ भरलं, आणि नोंद बंद केली.