फिक्या थेंबाची शंका

एकाच बाईच्या अंगात, एकाच सकाळी, दोन वेगवेगळी रक्तं असू शकतात का? कस्तुरी तांडेलला हा प्रश्न पडला, आणि ती बाई म्हणजे तिची आई होती.

प्रमिला, म्हणजे कस्तुरीची आई, बंदरावरच्या शेडमध्ये कोळंबी सोलायची. तिला सातवा महिना होता. शाळेला सुट्टी म्हणून कस्तुरीही कोकम सरबताचा ग्लास घेऊन शेजारी बसली होती. तेवढ्यात आरोग्य केंद्राचा यंत्रमानव थेंबू रबरी चाकांवर डुलत आला. गरोदर बायकांचं आणि लहान मुलांचं रक्त तपासणं हे त्याचं काम.

"प्रमिलाताई, बोट."

आईने बर्फात गारठलेला हात तसाच पुढे केला. थेंबूने टोचलं, पण रक्त येईना.

"थांब, तुला जमायचं नाही," म्हणत आईने स्वतःचं बोट मुळापासून टोकापर्यंत करकचून दाबत नेलं. दिवसभर कोळंबीचं मांस कवचातून बाहेर ढकलणाऱ्या हाताला दुसरं काय सुचणार? टपोरा थेंब आला. थेंबूने तो टिपला.

आकडा उमटला, ६.४. थेंबूच्या छातीवरचा दिवा लाल झाला.

"सातच्या खाली आहे," तो म्हणाला. "दवाखान्याची लाँच बोलावली आहे. जिल्ह्याच्या रुग्णालयात न्यावं लागेल. कदाचित रक्त चढवावं लागेल."

कस्तुरीने ग्लास खाली ठेवला.

"पण मला शंका आहे," थेंबू हळूच पुटपुटला.

"घ्या!" समोरची हिरामावशी म्हणाली. "अरे, यंत्र ना तू? आमच्या ह्यांनासुद्धा एवढ्या शंका येत नाहीत!"

"मी थेंब मोजला, मावशी. प्रमिलाताईंना अजून नीट मोजलेलं नाही."

त्याने आईला हात कोमट पाण्यात धरायला लावले. बोटं गुलाबी झाल्यावर ती नीट कोरडी केली, दुसरं बोट टोचलं, सुरुवातीचे थेंब पुसून टाकले आणि न दाबता आपोआप आलेला थेंब घेतला.

८.३.

"वाढलं!" कस्तुरी ओरडली. मग तिचा चेहरा पडला. "एवढ्यात रक्त कसं वाढेल? यातलं खरं कुठलं?"

"तुझं सरबत बघ. आणलंस तेव्हा कसं होतं?"

"लालभडक. आता फिकं झालंय. बर्फ वितळला ना."

"मग कोकम कमी झालं?"

"छे! पाणी वाढलं."

"तसंच बोटात होतं. रक्ताचा लाल रंग हिमोग्लोबिनमुळे (श्वासातला प्राणवायू अंगभर वाहून नेणारा, लोह असलेला पदार्थ) येतो. मी तेच मोजतो. पण बोटात ऊतकद्रवही (पेशींच्या मधल्या जागेतला पाण्यासारखा द्रव) असतो. बोट गार असलं की रक्त कमी येतं. मग आपण दाबतो, आणि रक्ताबरोबर हा द्रवही बाहेर येतो. थेंब फिका होतो, आकडा उतरतो."

"म्हणजे आठच खरं!" आई उठलीच. "लाँच परत पाठव बाबा. माझी टोपली अर्धी राहिली आहे."

शेडमधल्या बायका हसल्या. कस्तुरीला मात्र हसू येईना. एक गोष्ट कुणाला सांगायची नाही म्हणून आईने बजावलं होतं. सांगितलं तर आई चिडणार. आणि नाही सांगितलं तर?

"आईला जिना चढताना धाप लागते," ती एका दमात बोलून गेली. "मधेच खाली बसते."

"कस्तुरी!" आईने डोळे वटारले.

"बरं झालं सांगितलंस," थेंबू म्हणाला. "हे माझ्या कुठल्याच थेंबात दिसलं नसतं. आणि चांगला घेतलेला थेंबसुद्धा शेवटी एकच थेंब. त्याच बोटाच्या पुढच्या थेंबात आकडा थोडा वेगळा येऊ शकतो. मी आठ म्हणून घरी पाठवलं आणि खरा आकडा सातच्या खाली निघाला तर? लाँच येऊ दे."

लाँच शेडसमोर धक्क्याला लागली. तिच्यावरच्या डॉक्टर काझी यांनी खाली उतरून आईच्या कोपराच्या आतल्या बाजूच्या शिरेतून रक्त घेतलं. ते दाबून काढावं लागत नाही, आणि नळीत भरपूर मिळतं. नीट हलवून ते लाँचवरच्या मोठ्या यंत्रात घातलं. यंत्र घुर्र करत राहिलं. कस्तुरीने आईचा हात घट्ट धरला होता. आईने तो सोडवला नाही.

"सात पूर्णांक नऊ," डॉक्टर म्हणाल्या. "रक्त चढवायला नको."

कस्तुरीने आईचा हात सोडला.

"पण खुश होऊन टोपलीकडे पळायचं नाही, प्रमिला. गरोदरपणी अकरा तरी हवं. हा रक्तक्षयच (रक्तात हिमोग्लोबिन कमी असणं) आहे, आणि बाळंतपणाला दिवस थोडे उरलेत. लोहाचं औषध आजपासून शिरेतून द्यायचं. लोह बाळालाही लागतंच. आणि धाप वाढली, तर आकड्याची वाट न बघता मला बोलवायचं."

"ही आहे ना चहाडखोर," आई म्हणाली. पण तिने कस्तुरीच्या डोक्यावरून हात फिरवला. मग अर्धी टोपली हिरामावशीकडे सोपवून ती लाँचची फळी चढू लागली.

"थेंबू, पुढच्या वेळी आकडा वाढेल?" कस्तुरीने विचारलं.

"वाढायला हवा. मी हात शेकून, न दाबता बघेन. शंका आली तर शिरेतलं रक्त तपासायला डॉक्टरांकडे पाठवेन. कधीतरी बोट न टोचता नुसत्या उजेडाने रक्त मोजणारी यंत्रंही इतकी चांगली होतील, की मला सुट्टी मिळेल."

"आणि ती चुकली तर?"

थेंबूचा दिवा हिरवा झाला. "तेव्हा तू मोठी झालेली असशील. 'हे खरं का?' असं तू विचारशीलच."

फळीवर आई मध्येच दम घ्यायला थांबली होती. कस्तुरी धावत गेली आणि तिच्या कमरेला हात लावून बरोबरीने चढू लागली.