पाच ग्रेन

आर्व्हिड रुस्टाडच्या घरात नियम असा एकच होता: तळघरातल्या टेबलाला कुणी हात लावायचा नाही. बाकी घर सोल्वेगचं. पडदे कुठले लावायचे, चर्चमध्ये कुठल्या बाकावर बसायचं, सगळं तिच्या मर्जीनं. त्या टेबलावर मात्र आर्व्हिड वापरलेली काडतुसं पुन्हा भरायचा. मोंटानातल्या त्यांच्या गावात शिकारीला न जाणारं घर शोधून सापडलं नसतं, आणि नवशिक्यांना काडतुसं भरायला आर्व्हिडच शिकवायचा. नेमबाजी क्लबात सगळे त्याला मास्तर म्हणत. पण ती गोष्ट एकोणीस वर्षांपूर्वीची.

आर्व्हिड मार्चमध्ये गेला. ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी त्याचा जुना दोस्त मर्ल सकाळच्या कॉफीला आला आणि बसल्या बसल्या म्हणाला, "शनिवारी क्लबात त्याच्या नावानं नेमबाजी ठेवलीय. मी त्याच्याच रायफलनं मारणार. तिची काडतुसं आता दुकानात मिळत नाहीत. तू भर."

"मी? मला काय येतंय त्यातलं!"

"बेचाळीस वर्षं मास्तरशी संसार केलास, आणि काय येतंय म्हणे! मी शिकवतो गं. स्वयंपाकासारखंच असतं. फक्त चव घेऊन बघायची नाही."

मर्ल हसला. हसताना त्याचा डावा डोळाच हसे. उजवा काचेचा होता. एकोणीस वर्षांपूर्वी आर्व्हिडनं भरलेलं काडतूस मर्लच्या रायफलीत फुटलं होतं. उरलेली काडतुसं उघडून बारूद तोलली, तर प्रत्येकात पाच ग्रेन जास्त निघाली. ग्रेन म्हणजे साधारण जवाच्या एका दाण्याचं वजन. पाच दाण्यांनी माणसाचा डोळा गेला. क्लबानं आर्व्हिडचा वर्ग बंद केला आणि भिंतीवरच्या पाटीवरून त्याचं नाव खरवडून काढलं. मर्लनं मात्र त्याला सगळ्यांदेखत माफ केलं. मर्लच्या मोठ्या मनाचं गाव अजून कौतुक करतं.

सोल्वेगला नाही म्हणता आलं नाही. मर्लला कशालाच नाही म्हणायचा हक्क आपल्याला उरलेला नाही, हे तिला एकोणीस वर्षं ठाऊक होतं.

मंगळवारी दोघं तळघरात उतरली. काटा जुन्या पद्धतीचा होता. एका अंगाला पारडं, दुसऱ्या अंगाला खाचा पाडलेली दांडी, आणि खाचेत बसणारं सरकतं वजन. एक खाच म्हणजे पाच ग्रेन. मर्लनं वजन हवं त्या खाचेत बसवलं, तिला दाखवलं, आणि दोघं कॉफी आणायला वर गेली. परत येऊन पाहतात तर वजन एक खाच उजवीकडे सरकलेलं.

"तुझा हात लागला का गं?"

"नाही," सोल्वेग म्हणाली, आणि तिचे कान तापले. या वेळी ते खरं होतं.

मर्लनं वजन मागे घेतलं. दहा मिनिटांनी ते पुन्हा एक खाच पुढे होतं. "म्हातारा झालाय काटा," तो म्हणाला. "आपल्यासारखाच. ठेवलेलं विसरतो."

बुधवारी त्यानं कामाला हात घातला. टेबल सपाट आहे का ते पाणसळीनं तपासून एका पायाखाली पुठ्ठा सारला. गरम हवेचा झरोका बंद केला, कारण वाऱ्याच्या झुळकेनंही पारडं हलतं. दांडी ज्या धारेवर टेकून झुलते ती मऊ ब्रशनं साफ केली. जवळपासचे लोखंडी डबे हलवले. मग खात्रीचं वीस ग्रेनचं वजन पारड्यात ठेवलं. दांडी समतोल झाली ती पंचवीसवर. मर्ल स्वतः स्टुलावर बसला की वीस. सोल्वेग बसली की पंचवीस.

"तुझ्याशी वाकडं आहे याचं," मर्ल हसून म्हणाला. "पण चेष्टा बाजूला. बारूद कमी पडली तरी धोका, जास्त पडली तरी धोका. माझ्याकडे आता एकच डोळा शिल्लक आहे, बाई. उद्या नवा काटा आणतो."

तो गेल्यावर सोल्वेग बराच वेळ तिथेच बसून राहिली. एकोणीस वर्षांपूर्वीची ती दुपारसुद्धा अशीच होती. काडतुसं भरता भरता आर्व्हिड फोन घ्यायला वर गेला होता, आणि ती धुण्याच्या टोपल्या ठेवायला खाली आली होती. टेबलावर बोटभर धूळ. तिला राहवलं नाही. फडकं मारताना काट्याला लागलं आणि ते वजन खाचेतून निसटलं. आधी जिथे होतं असं वाटलं, तिथे तिनं ते नेऊन ठेवलं, आणि वर निघून गेली. चार दिवसांनी मर्लला इस्पितळात पोचवून आर्व्हिड घरी आला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. "त्या दिवशी तिथे खाली कुणी आलं होतं का?" त्यानं विचारलं. ती नाही म्हणाली. त्यानं तिच्या खांद्यावरच्या फडक्याकडे पाहिलं, आणि मग त्या विषयावर मरेपर्यंत एक शब्द काढला नाही. त्याचं नाव पाटीवरून खरवडलं त्या दिवशी ती क्लबात कॉफी वाढत होती.

गुरुवारी मर्ल इलेक्ट्रॉनिक काटा घेऊन आला. तळहाताएवढा, नवा कोरा, नव्या बॅटऱ्या. त्यावर रिकामं पारडं ठेवून त्यानं बटण दाबलं. शून्य. "आता हे बघ," त्यानं पारडं उचललं. आकडा झपकन शून्याखाली गेला. "पारडं उचललं की पारड्याचं वजन उणं दिसतं. असं दिसलं की समजायचं, काटा खरं बोलतोय. बस तू."

ती स्टुलावर बसली. त्यानं पारडं ठेवलं. शून्य. तिनं बारुदीचा चमचा उचलायला हात पुढे केला.

पाच.

पारड्यात काही नव्हतं. मर्लनं फुंकर मारली, पारडं शर्टाला पुसलं, पुन्हा शून्य केलं. पाच. त्यानं दोघांचे फोन वर नेऊन ठेवले, घर गरम ठेवणारी भट्टी बंद केली. तळघरात इतकं शांत झालं की त्याच्या छातीतली घरघर ऐकू येऊ लागली.

पाच.

"पाच," मर्ल म्हणाला. त्याच्या आवाजातली चेष्टा गेली होती. "सोल्वेग, त्या दिवशी इथे खाली कुणी आलं होतं का?"

तोच प्रश्न. शब्दसुद्धा जवळजवळ तेच.

"नाही," ती म्हणाली. तिनं ठरवलं नव्हतं. जिभेला सवय होती.

आकडा बदलला. दहा.

दोघांनी तो पाहिला.

"बॅटरी नवी आहे," मर्ल स्वतःशीच म्हणाला.

सोल्वेगला भीती वाटली असती तर बरं झालं असतं. तिला वाटली ती लाज, साधी, पोरीबाळींना वाटते तशी, गळ्यापासून कपाळापर्यंत चढत गेलेली.

"मी आले होते," ती म्हणाली.

पाच.

"धूळ पुसायला. फडकं लागून वजन निसटलं. मी अंदाजानं ठेवलं. त्यानं विचारलं तेव्हा नाही म्हणाले. तुझा डोळा माझ्यामुळे गेला, मर्ल. त्याचं नावही."

शून्य.

मर्लचा हात काचेच्या डोळ्याकडे गेला आणि तिथेच थांबला.

"एकोणीस वर्षं मी भलत्याच माणसाला माफ करत आलो," तो शेवटी म्हणाला. "आणि तो ती माफी गुपचूप घेत राहिला."

"मर्ल..."

"थांब. तुला माफ करायचं तर मला पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल, आणि मी एकाहत्तरचा आहे."

"शनिवारी क्लबात मी सांगेन. सगळ्यांसमोर."

"सांग," तो म्हणाला. त्यानं टोपी घातली आणि कठड्याला धरून जिना चढला. उजवीकडचं त्याला दिसत नसे, म्हणून खांदा नेहमीसारखा चौकटीला आपटला. बाहेर त्याची गाडी सुरू होऊन लांब गेली.

सोल्वेगनं डोळे पुसले. काटा आवरून ठेवावा म्हणून तिनं पारडं उचललं.

पारडं तिच्या हातात होतं. आकडा उणा व्हायला हवा होता, तो शून्यावरून हलला नाही.

शनिवार अजून दोन दिवस लांब होता.