सुई नावाची लायब्ररी

"आजोबा, एकच पान अमरावतीत एका सेकंदात उघडतं आणि इथे एक्केचाळीस सेकंद लागतात. टॅबलेटही तोच आहे. असं कसं?"

बारा वर्षांची अबोली मेळघाटातल्या आरोग्य उपकेंद्राच्या ओट्यावर बसून विचारत होती. साल होतं २०४६. तिची आई या केंद्रात परिचारिका होती. औषध लागलं की आई एका वेबपानावर मागणी नोंदवायची आणि परतवाड्याहून ड्रोन ते औषध घेऊन यायचा. त्या पानाची नवी चाचणी-आवृत्ती काल अबोलीने आजोबांबरोबर अमरावतीत याच टॅबलेटवर उघडून पाहिली होती.

तिचे आजोबा भालचंद्र देवतळे निवृत्त संगणकशास्त्रज्ञ होते. हे पान ज्या 'मांडव' नावाच्या फ्रेमवर्कवर (वेबसाइट उभारायचा तयार सांगाडा) बनलं होतं, ते सांभाळणाऱ्या नऊ जणांत तेही होते.

"पान दिसण्याआधी त्याचं सामान टॅबलेटवर उतरावं लागतं आणि इथलं नेट फार संथ आहे," आजोबा म्हणाले. "त्यात जावास्क्रिप्ट असते, म्हणजे पानाला कामं करायला लावणारी भाषा. सगळंच आपण लिहीत बसत नाही. दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड घेतो. त्याला लायब्ररी म्हणतात."

"आई जखमेच्या पट्ट्या स्वतः विणत नाही, तयार घेते, तसं?"

"अगदी तसं. मांडवसाठी आम्हाला एक लायब्ररी निवडायची आहे. या पानात 'झळाळ' बसवली आहे. फार देखणी आहे, पण जडही. मीच सुचवली होती."

आत औषधं लावत असलेली आई बाहेर आली. "बाबा, साप चावलेल्या माणसाला थांब म्हणू का मी, झळाळ उतरतेय म्हणून?"

आजोबांनी मान खाली घातली. अबोलीला त्यांची दया आली. "दुसरी कुठली आहे का?" तिने हळूच विचारलं.

होती. तिचं नाव 'सुई'. झळाळच्या चाळिसाव्या हिश्शाएवढी. तिच्यात फिरणारी चित्रं नव्हती, पण मागणी नोंदवायला लागतं ते सगळं होतं. आजोबांनी तिचीही चाचणी-आवृत्ती टॅबलेटवर घेतली. पुढचे तीन दिवस अबोली आईबरोबर पाड्यापाड्यांवर फिरली. प्रत्येक ठिकाणी दोन्ही पानं उघडायची आणि आईच्या घड्याळावर वेळ मोजून वहीत लिहायची. एका टेकडीमागे रेंज दोनदा तुटली, झळाळचं पान उघडलंच नाही. सुईचं चार सेकंदांत उघडलं.

"टाका एकच घालायचा," आजोबा वही वाचून म्हणाले, "आणि मी अख्खं ऑपरेशन थिएटर गावात आणत होतो. चुकलंच माझं."

"मग ठरलं ना? सुई!"

"थांब. वेग हा एक प्रश्न झाला. परवाना कसा आहे? सुईचा मुक्त आहे, म्हणजे कुणीही वापरावी, बदलावी अशी लेखी मुभा. तो प्रश्न सुटला. पण बिघडली तर दुरुस्त कोण करणार? झळाळमागे साठ माणसं आहेत. सुई एकटी बाई सांभाळते, बोलिव्हियातली इल्दा कोंडोरी. नोकरी करून, उरलेल्या वेळात, अकरा वर्षं."

त्या संध्याकाळी नऊ जणांची ऑनलाइन बैठक झाली. आजोबांनी अबोलीला मोजमाप वाचून दाखवायला सांगितलं. मग एकाने नेमकं तेच विचारलं, "ही बाई उद्या थांबली तर?"

अबोलीला राहवलं नाही. "पण आपण तिला एकटीलाच का ठेवायचं?"

नैरोबीची वांजिरू म्हणाली, "आठवड्याचे चार तास मी देते." आणखी दोघे तयार झाले. ठराव असा झाला: सुई घ्यायची, पण नुसती घ्यायची नाही. तिघांनी इल्दाच्या हाताखाली ती सांभाळायला शिकायची.

"म्हणजे लायब्ररी निवडणं हे वस्तू निवडणं नाही," अबोली नंतर म्हणाली. "ती जपणारी माणसंही आपली होतात."

आजोबांनी मान हलवली. "मी चाळीस वर्षं लोकांचा कोड वापरला, अबोली. किती जणांना आभार कळवले असतील? दोघांना."

काही आठवड्यांनी अबोलीने इल्दाला पत्र लिहिलं. नवं पान सुरू झाल्यावर आईने सर्पदंशाचं औषध मागवलं होतं आणि एक गुराखी काका बरे होऊन घरी गेले होते, तेही लिहिलं. आजोबांनी त्याचा स्पॅनिश अनुवाद यंत्राकडून करून घेतला.

चार दिवसांनी उत्तर आलं. 'काही मोडलं की लोक मला लिहितात. काही चाललं म्हणून आलेलं हे पहिलंच पत्र. मी ते आईला वाचून दाखवलं. तिने विचारलं, ते काका आता चालतात का?'

"चालतात म्हणून कळव," आई म्हणाली. "आणि माझेही आभार लिही."

अबोलीने दोन्ही लिहिलं. मग तिने सुईची माहितीपुस्तिका उघडली. ती सात भाषांत होती, मराठीत नव्हती. पहिलंच वाक्य अवघड होतं. तिने ते तीनदा वाचलं आणि मराठीत लिहायला घेतलं.