पट्टा नसलेली गाडी

काकांनी व्हरांड्यातला दिवा मालवला आणि खुर्ची पुतण्याच्या पुढ्यात ओढली.

"माझ्या साडूनं हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. फिदीफिदी करायचं असेल तर आत्ताच झोपायला जा."

साडू गाड्यांच्या कारखान्यात सिम्युलेटर चालवायचा. एका खोलीत गाडीचा नुसता सांगाडा, भोवती पडदा, पडद्यावर पळणारा रस्ता. गाडी घसरली की एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावून तिला सरळ करणारी यंत्रणा तिथे तपासायचे. सांगाडा जागचा हलत नसे, म्हणून त्याला सीटचा पट्टाच बसवला नव्हता. चाचणीचा ड्रायव्हर टिल्लू तरीही सवयीनं खांद्याकडे हात न्यायचा आणि मोठे साहेब काचेमागून हसायचे, "अरे, इथे कोण मरतंय?"

ओल्या वळणावर यंत्रणा उशिरा जागी होते, हे टिल्लू सांगून सांगून थकला. साहेबांना गाडी बाजारात आणायची घाई. त्यांनी पडद्यावरच्या वळणावरचं पाणीच काढून टाकलं. गाडी झोकात पास झाली, आणि टिल्लूला खऱ्या रस्त्यावर धाडलं. तिथलं वळण ओलं होतं. टिल्लू सापडला तेव्हा पट्टा छातीत रुतला होता. साहेबांनी खापर त्याच्यावरच फोडलं, डुलकी लागली असेल म्हणे. मेलेला माणूस उलट बोलत नाही, असं त्यांना वाटलं असावं.

त्यानंतरचा तिसरा गुरुवार, रात्री साडेदहा. सकाळी पाहुण्यांना दाखवायला एक स्वच्छ फेरी हवी होती. एकही ड्रायव्हर यायला तयार होईना, तेव्हा साहेब स्वतःच बसले. साडू काचेमागे, कानाला हेडफोन.

दोन वळणं छान गेली. तिसऱ्यावर रस्ता चकाकला.

"पाणी कुणी टाकलं?"

"मी नाही, साहेब."

साडूनं बंदचं बटण दाबलं. रस्ता पळतच होता. पुन्हा दाबलं. वेग वाढला.

"थांबव... अरे, थांबव..."

साडू धावला. दार उघडेना. हेडफोनमध्ये कुणीतरी हसलं. ओळखीचं हसू.

"साहेब... इथे कोण मरतंय?"

मग पत्रा चेपल्याचा आवाज.

मग काहीच नाही...

दार आपोआप उघडलं. सांगाड्यावर ओरखडाही नव्हता. साहेब मान टाकून बसले होते.

काका खुर्चीत मागे टेकले.

"हार्ट अटॅक असेल," पुतण्या हळूच म्हणाला.

"डॉक्टरही आधी तेच म्हणाला," काका म्हणाले. "मग त्यानं साहेबांचा शर्ट उघडला. खांद्यापासून कमरेपर्यंत तिरका, काळानिळा वळ होता. पट्ट्याच्या रुंदीचा."